पाठीला कणा असलेली मोटार

१९६४ साली आणि त्यानंतरच्या काही वर्षांत अमेरिकेतील कित्येक मोटारमालकांनी एक असे काम हौसेने करून घेतले, की ज्याची हळहळ आज त्यांच्या वारसांना वाटत असेल. आपली जेमतेम वर्ष-दोन वर्षांची शेव्हरोले कॉर्व्हेट त्यांनी कारागिराकडे नेली, तिच्या मागच्या काचेच्या मधोमध छतापासून शेपटाकडे उतरत गेलेला उभा कणा करवतीने कापवून घेतला, आणि त्याच्या दोन बाजूंच्या दोन काचा काढून तेथे नव्या सालच्या गाडीची एकच सलग काच बसवून घेतली. हेतू निर्मळ होता. नव्या सालच्या गाडीला कणा नव्हता, कण्यामुळे मागून येणारे वाहन नीट दिसत नसे, आणि आपली गाडी एका वर्षाने जुनी आहे हे रस्त्यावरच्या प्रत्येकास कळावे, अशी इच्छा कोणास असणार? पण तो कणा फक्त एकच वर्ष निघाला होता. आणि यथावकाश असे झाले, की ज्या गाड्यांच्या मालकांनी आळसाने, गरिबीने किंवा प्रेमाने तो तसाच राहू दिला, त्यांच्या गाड्या अमेरिकन मोटारींच्या संग्राहकांना परम वांछनीय ठरल्या.

अशी एखादी जपलेली गाडी, म्हणजे १९६३ सालची कॉर्व्हेट 'स्टिंग रे' कूपे, विक्रीस निघाली की तिच्या वर्णनात काही शब्द हटकून येतात. मॅचिंग नंबर्स, ओरिजिनल पेंट, सर्व्हायव्हर हे ते शब्द. आणि त्यांच्या मागोमाग जुन्या पावत्यांची व दाखल्यांची यादी. परक्या माणसाला हे सारे विक्रेत्याचे अलंकार वाटतात. वस्तुतः त्यातील प्रत्येक शब्दाला काटेकोर अर्थ आहे, आणि तो अर्थ समजण्यास मराठी वाचकाला मुळीच अडचण पडू नये. जमीन खरेदी करणारा सुज्ञ मनुष्य उभे पीक पाहून भुलत नाही. तो तलाठ्याकडचा सातबारा पाहतो, फेरफाराच्या नोंदी पाहतो, मूळ खातेदारापासून आजच्या मालकापर्यंत हक्क कसा उतरत आला याचा धागा कोठे तुटला आहे काय, ते तपासतो. कॉर्व्हेटचे जाणते गिऱ्हाईकही नेमके हेच करते. फरक इतकाच, की येथे दप्तर पुष्कळसे गाडीच्या लोखंडावरच कोरलेले असते.

ते दप्तर उघडण्यापूर्वी ही गाडी कोणाची कोण, हे सांगितले पाहिजे. जनरल मोटर्स या कंपनीने १९५३ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-ॲस्टोरिया हॉटेलात भरवलेल्या 'मोटोरामा' प्रदर्शनात पहिली कॉर्व्हेट लोकांपुढे आली. कंपनीच्या रेखनविभागाचे प्रमुख हार्ली अर्ल यांची ती कल्पना. आणि चपळ, लहान लढाऊ जहाजावरून घेतलेले तिचे नाव मायरन स्कॉट यांनी सुचवलेले. ३० जून १९५३ रोजी मिशिगनमधील फ्लिंट येथे उत्पादन सुरू झाले. त्या वर्षी अवघ्या ३०० गाड्या, जवळजवळ हातानेच जुळवलेल्या, बाहेर पडल्या; सर्व पांढऱ्या, सर्वांचा अंतर्भाग तांबडा. बॉडी पोलादी पत्र्याची नव्हती, तर काचेचे तंतू राळेत बसवून केलेल्या फायबरग्लासची होती. कारण थोड्या गाड्यांसाठी पोलादाचे अवजड साचे करणे परवडण्यासारखे नव्हते. दिसायला गाडी मोहक खरी, पण तिच्या पोटात होते सहा सिलिंडरांचे १५० अश्वशक्तीचे इंजिन आणि त्याला जोडलेला दोनच गतींचा स्वयंचलित गिअरबॉक्स. वेगाच्या भोक्त्यांना ही जोडी पटली नाही. १९५४ साली मिसूरीतील सेंट लुईसच्या कारखान्यात ३,६४० गाड्या तयार झाल्या व त्यांपैकी पुष्कळ वर्षअखेरीस विक्रेत्यांच्या अंगणात पडून राहिल्या. १९५५ साली आकडा ७०० वर घसरला. त्या वर्षी आठ सिलिंडरांचे नवे इंजिन आले नसते, तर या गाडीचे नाव आज कोणाच्या ओठी राहिले असते असे मला वाटत नाही.

आणि झोरा आर्कस-डंटॉव्ह आले नसते तरीही नाही. या पुरुषाचे चरित्रच विलक्षण आहे. १९०९ साली ब्रुसेल्स येथे रशियन मातापित्यांच्या पोटी जन्म, बर्लिनमध्ये अभियांत्रिकीचे शिक्षण, युद्धाच्या वावटळीत युरोप सोडून अमेरिकेत आगमन. मोटोरामामध्ये त्यांनी कॉर्व्हेट पाहिली, तिच्या रूपावर ते लुब्ध झाले, तिच्या यंत्राविषयी मात्र असमाधानी राहिले, आणि त्यांनी शेव्हरोलेला पत्र लिहून नोकरी मागितली. १९५३ सालीच ते तेथे रुजू झाले व त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यांनी वरिष्ठांना एक टिपण सादर केले, की तरुण मुले जुन्या फोर्ड घेऊन त्यांना वेगवान करण्यात रमतात, शेव्हरोलेचे नाव त्यांच्या बोलण्यात येत नाही, आणि ते यावे असे वाटत असेल तर कंपनीने स्वतःच त्या मुलांच्या हाती चांगले सुटे भाग द्यावेत. फ्रान्समधील ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत हे गृहस्थ स्वतः पोर्शे चालवून आपल्या वर्गात विजयी झाले होते. त्यामुळे गाडी वळणावर का घसरते, हे त्यांना कागदावरून शिकावे लागत नव्हते.

१९६३ च्या गाडीत याच डंटॉव्ह यांची गाठ बिल मिचेल यांच्याशी पडली, आणि कण्याची कथा ती हीच. मिचेल हे अर्ल यांचे उत्तराधिकारी. त्यांनी १९५९ साली 'स्टिंगरे' नावाची एक शर्यतीची गाडी घडवली होती, आणि तिचीच रेषा नव्या कॉर्व्हेटमध्ये उतरावी असा त्यांचा आग्रह होता. लॅरी शिनोडा यांनी ती रेषा प्रत्यक्ष आकारास आणली. बॉनेटच्या टोकापासून एक धार उठते, छतावरून जाते आणि मागे निमुळत्या होत गेलेल्या काचेला दुभागून शेपटात विलीन होते. समुद्रातील स्टिंग रे माशाच्या पाठीचा भास व्हावा अशी ही योजना. डंटॉव्ह यांना ती अमान्य होती. चालकाला मागचे दिसत नाही, आणि ज्या वस्तूने चालकाची दृष्टी अडते ती सुंदर असूच शकत नाही, अशी त्यांची धारणा. मिचेल यांच्या मते कणा काढला तर उरलेल्या आकृतीला अर्थ नव्हता. पहिल्या वर्षी मिचेल जिंकले. दुसऱ्या वर्षी डंटॉव्ह.

या वादात न्याय कोणाच्या बाजूस होता, असे मला विचाराल तर मी संकोच न करता डंटॉव्ह यांच्या बाजूने कौल देईन; आणि तरीही विक्रीस आलेल्या दोन गाड्यांपुढे उभा राहिलो तर माझी पावले त्या कण्याकडेच वळतील. मनुष्याच्या सौंदर्यबुद्धीचे हे असे आहे, आणि त्याबद्दल कोणी लाजू नये.

कण्याच्या कोलाहलात डंटॉव्ह यांचे खरे कार्य झाकले जाते, म्हणून येथे थोडे थांबणे इष्ट आहे. तोपर्यंतच्या कॉर्व्हेटची मागची दोन चाके एकाच अखंड अक्षाला जखडलेली असत. एक चाक खड्ड्यात गेले की दुसरेही तिरपे होई. नव्या गाडीत प्रत्येक चाकाला स्वतंत्रपणे खालीवर होण्याची मुभा मिळाली, आणि त्यासाठी लागणारी स्प्रिंग त्यांनी कोठून घेतली? मालमोटारींना असतात तसल्या पाट्यांची! नऊ पात्यांचा पाटा, मात्र लांबीत न लावता गाडीच्या रुंदीत आडवा लावलेला. जागा थोडी, खर्च थोडा, आणि काम चोख. ३२७ घन इंचांचे इंजिन २५०, ३००, ३४० आणि ३६० अश्वशक्ती अशा चार प्रकारांत मिळे. शेवटच्या प्रकारात कार्ब्युरेटर नसून यांत्रिक पद्धतीने इंधन फवारले जाई. दिवे बॉनेटच्या टोकाशी आत लपलेले, आणि लागतील तेव्हा फिरून पुढे येणारे. सामान ठेवण्यास मागे जागा होती, पण बाहेरून उघडणारे झाकण नव्हते. आसने पुढे झुकवून, अंग वाकवून, पेटी आतूनच सरकवावी लागे. त्या वर्षी २१,५१३ कॉर्व्हेट तयार झाल्या. त्यांपैकी १०,९१९ उघड्या टपाच्या आणि १०,५९४ बंद छताच्या, म्हणजेच कणा असलेल्या. वातानुकूलनाचे यंत्र घेतलेल्या गाड्या फक्त २७८, आणि शर्यतीसाठी खास सिद्ध केलेल्या, 'झेड झिरो सिक्स' या सांकेतिक नावाच्या, केवळ १९९. विक्रीच्या वेळी यांतील प्रत्येक आकड्याची किंमत डॉलरांत मोजली जाते. आणि म्हणूनच यांतील प्रत्येक गोष्ट मागाहून गाडीत घुसडण्याचा मोहही होतो.

आता त्या दप्तराकडे वळू. हातमोजे ठेवण्याच्या कप्प्याखाली डॅशबोर्डच्या आडव्या पट्टीवर एक धातूची क्रमांकपट्टी असते. तिचा आरंभ ३०८३७एस असा असेल तर पहिला ३ म्हणजे १९६३ साल, ०८३७ म्हणजे बंद छताची कॉर्व्हेट, एस म्हणजे सेंट लुईसचा कारखाना. आणि पुढे १००००१ पासून चढत जाणारा गाडीचा अनुक्रम. उघड्या टपाच्या गाडीवर ३७ च्या जागी ६७ असतात. शेजारच्या दुसऱ्या पट्टीवर मूळ रंगाची व आतील अस्तराची खूण असते. म्हणजे आज तांबडी दिसणारी गाडी कारखान्यातून निळी निघाली असेल, तर ती पट्टी ते सांगून मोकळी होते. मग इंजिन. उजव्या बाजूच्या सिलिंडर हेडपुढे ब्लॉकवर एक लहानसा सपाट ओटा आहे. तेथे ठोकलेली अक्षरे एफ ०४१२ आरडी अशी असली, तर हे इंजिन फ्लिंटच्या कारखान्यात १२ एप्रिल रोजी जुळवले गेले आणि ते हाताने गिअर बदलण्याच्या गाडीसाठीचे ३०० अश्वशक्तीचे आहे, असा त्याचा अर्थ. त्याच ओट्यावर गाडीचा अनुक्रमही ठोकलेला असतो. तो क्रमांकपट्टीवरील अनुक्रमाशी जुळला, म्हणजे हे इंजिन याच गाडीचे. ब्लॉकच्या मागील अंगावर ओतकामाची तारीखही उठावदार अक्षरांत आहे. ओतकाम आधी, जुळणी त्यानंतर, आणि गाडी पूर्ण होणे त्याच्याही नंतर. हा क्रम जेथे उलटा लागतो, तेथे काहीतरी गडबड आहे हे सांगण्यास ज्योतिषी लागत नाही.

मॅचिंग नंबर्स म्हणतात ते एवढ्यालाच. आणि एवढ्यावरच भरवसा ठेवणारा फसतो. इंजिन दुरुस्त करताना ब्लॉकचा माथा घासून सपाट केला की ओट्यावरची अक्षरे पुसली जातात. हे काम प्रामाणिकपणेही होते. पण पुसलेल्या जागी हवा तो अंक पुन्हा ठोकणाऱ्यांचाही एक धंदा आहे. जाणकार त्याला कसे पकडतात, हे पाहण्याजोगे आहे. कारखान्यात तो ओटा ज्या यंत्राने सपाट केला जाई, त्या यंत्राच्या दात्यांनी धातूवर पुढून मागे जाणाऱ्या अतिसूक्ष्म समांतर रेघा उठत. अंक त्या रेघांवर ठोकले जात. परीक्षक भिंग घेऊन अंकांपेक्षा त्या रेघा आधी शोधतो. जुन्या कागदपत्रांच्या संशोधकाने मोडीतील मजकूर वाचण्यापूर्वी कागदाचा पोत आणि शाईची मुरण पाहावी, आणि अस्सल कोणता व नक्कल कोणती हे तेथेच ठरवावे, तशातला हा प्रकार.

क्रमांकपट्टीला हात लावणे किती महागात पडते, याचे एक उदाहरण कॅन्सस राज्यात घडले. १९५९ सालच्या एका कॉर्व्हेटचे नूतनीकरण करताना कारागिराने पट्टी काढून ठेवली आणि काम झाल्यावर वेगळ्या रिव्हेटांनी परत बसवली. गाडी चोरीची नव्हती. नव्या मालकाने ती रीतसर विकत घेतली होती. पण २०१७ साली नोंदणीसाठी तपासणीला नेली असता रिव्हेट मूळचे नाहीत असे आढळले, आणि गाडी जप्त झाली. कारण अशी पट्टी असलेले वाहन नष्ट करावे, असेच त्या राज्याचा कायदा सांगत होता. अखेर २०२२ साली विधिमंडळाने कायदाच दुरुस्त केला. ज्या कारागिराने ते रिव्हेट काढले त्याने बहुधा गाडी अधिक सुंदर व्हावी म्हणूनच काढले असतील.

फायबरग्लासची बॉडी गंजत नाही, ही गोष्ट विक्रेता अभिमानाने सांगतो व ती खरीही आहे. परंतु त्या बॉडीच्या पोटात पोलाद आहे, आणि ते गंजते. खालची चौकट तर गंजतेच, पण पुढच्या काचेभोवती व दारांच्या खांबांत दडलेला, पिंजऱ्यासारखा दिसतो म्हणून ज्याला 'बर्डकेज' म्हणतात, तो सांगाडा आतल्या आत सडला तर वरून त्याचा मागमूसही लागत नाही. चमकदार रंगाची गाडी गालिच्याखाली भुसा झालेली निघावी, असे अनेकांच्या नशिबी आले आहे. पत्रे ठोकून पोचे काढता येतात. फायबरग्लासला ठोका चालत नाही, ते तडकते किंवा फुटते, आणि मग तो तुकडाच बदलावा लागतो. म्हणून परीक्षक चाकांच्या कमानींत हात घालून आतले सांधे चाचपतो. कारखान्याने बॉडीचे भाग मागून पट्ट्या लावून, चिकटवून जोडले होते. अपघातानंतर पुढचा भाग बदललेला असेल तर त्या पट्ट्या गायब असतात किंवा भलत्याच ठिकाणी लागतात. कण्याचीही अशीच परीक्षा होते. कापून टाकलेला कणा पुन्हा बसवणे अशक्य नाही, आणि तसा बसवलेला कणा पुष्कळदा बाहेरून निर्दोष दिसतो. आतून मात्र जोड बोलतो.

लहानसहान गोष्टींतही असाच पुरावा दडलेला असतो. मध्यभागी फिरकीचे बोंड असलेली ॲल्युमिनियमची चाके १९६३ च्या यादीत होती खरी, पण ओतकाम सच्छिद्र निघाल्याने त्यांतून हवा झिरपे. त्यामुळे त्या वर्षी कारखान्यातून ती चाके लावून निघालेली गाडी जवळजवळ सापडतच नाही. आज मात्र विक्रीस येणाऱ्या कित्येक गाड्यांना ती लावलेली असतात. दिसतात फार सुंदर. वर्षाच्या आरंभीच्या गाड्यांना बोर्ग-वॉर्नरचा चार गतींचा गिअरबॉक्स असे, तर नंतरच्या गाड्यांना मन्सी येथे तयार झालेला; म्हणून गाडी कोणत्या महिन्याची हे कळल्याखेरीज तिचा गिअरबॉक्स योग्य की अयोग्य, हेही ठरत नाही. रंग तेव्हा ॲक्रिलिक लॅकरचा दिला जाई. तो आजच्या रंगासारखा आरशागत चमकत नसे, आणि काळाने त्यावर बारीक भेगांचे जाळे उमटते. आरशासारखी चकाकणारी १९६३ ची कॉर्व्हेट पाहिली, की ती पुन्हा रंगवलेली आहे हे जाणत्याला रस्त्याच्या पलीकडूनच कळते.

येथे या छंदातील मोठ्या मतभेदाशी आपण येऊन पोहोचतो. कित्येक वर्षे रिवाज असा होता, की जुनी गाडी मिळाली की बॉडी चौकटीवरून उचलायची, प्रत्येक बोल्ट सोडवायचा, सारे घासून, रंगवून, नवे करून परत जुळवायचे. १९७४ साली स्थापन झालेल्या नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटीने या कामाला शिस्त लावली. तिचे परीक्षक गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवशी जशी होती तशी आज आहे काय, हे कलमाकलमाने तपासून गुण देतात, आणि शेकडा ९४ गुण मिळवणारीस 'टॉप फ्लाइट'चा मान मिळतो. तेथे कारखान्याने सांडलेला रंगाचा ओघळसुद्धा गुण मिळवून देतो आणि अतिरिक्त चमक गुण घालवते. इलिनॉयमधील ब्लूमिंग्टन येथे १९७३ साली सुरू झालेल्या 'ब्लूमिंग्टन गोल्ड' मेळाव्याने यापुढे एक पाऊल टाकले. ज्या गाड्यांना फारसा हातच लागलेला नाही, ज्यांचा रंग, अस्तर, काचा, यंत्र बहुतांशी मूळचेच आहे, त्यांच्यासाठी तेथे 'सर्व्हायव्हर' म्हणजे काळातून तगून राहिलेल्या गाड्यांचा स्वतंत्र वर्ग झाला.

या दुसऱ्या पंथाकडे माझा ओढा आहे, आणि तो मी लपवीत नाही. नूतनीकरण हे कौशल्याचे काम आहे. मोडून पडलेल्या गाडीला त्यावाचून दुसरा मार्ग नाही. पण जी गाडी धडधाकट आहे, जिच्या आसनाची कड मूळ मालकाच्या अंगघसटीने झिजली आहे, जिच्या दाराच्या चौकटीवर तेलबदलीच्या तारखेची चिठ्ठी अजून चिकटलेली आहे, तिला नव्यासारखी करण्यासाठी सोलून काढणे म्हणजे बखरीचे जीर्ण पान फाडून तोच मजकूर सुवाच्य अक्षरांत नव्या कागदावर उतरवून ठेवण्यासारखे आहे. मजकूर राहतो, साक्ष जाते. सेंट लुईसच्या कोणा कामगाराने खडूने ओढलेली तपासणीची रेघ एकदा धुतली गेली, की तिच्या जागी कोणीही कितीही हुबेहूब रेघ ओढली तरी ती त्या कामगाराची नव्हे.

केंटकीमधील बोलिंग ग्रीन येथे कॉर्व्हेटचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. १९९६ साली निवर्तलेल्या डंटॉव्ह यांच्या अस्थी तेथेच ठेवल्या आहेत. २०१४ च्या फेब्रुवारीत एका पहाटे त्या संग्रहालयाची जमीन खचली आणि आठ कॉर्व्हेट विवरात पडल्या. सर्व बाहेर काढण्यात आल्या. तीन दुरुस्त झाल्या. उरलेल्या पाच मात्र चिरडलेल्या, मातीने माखलेल्या स्थितीत तशाच ठेवल्या गेल्या, आणि प्रेक्षक त्यांच्यापुढेही थबकतात.

किमतीविषयी दोन शब्द. नवी असताना ही कूपे चार हजार डॉलरांहून थोड्या अधिक किमतीस मिळे. आज उत्तम, अस्सल गाडी एक लाख डॉलरांच्या पुढे सहज जाते, आणि इंधन फवारणीच्या इंजिनाची वा 'झेड झिरो सिक्स'ची गाडी त्याच्याही कितीतरी वर. एवढी रक्कम मोजणाऱ्याने मूळ खरेदीची पावती, मालकांची साखळी, दुरुस्त्यांच्या नोंदी मागाव्यात. स्वतंत्र परीक्षकाकडून पंचनामा करून घ्यावा. गाडी थंड असताना चालू करवून पाहावी. उचलकावर चढवून खालून पाहावी. पावत्यांचे बाड जाड असले म्हणून हुरळून जाऊ नये, ते वाचावे.

आणि हे सारे जुळले, व्यवहार ठरला, की मग तिच्यात बसून पाहावे. आसन बुटके आहे, बॉनेट लांब आहे, पुढे दोन चाकांवरच्या दोन उंच कडा दिसतात आणि त्यांच्यामधून रस्ता येतो. इंजिनचा गंभीर घोष पायांतून वर चढतो. गाडी हमरस्त्याला लागल्यावर मागे काही येत आहे काय म्हणून आरशात नजर टाकावी, तर तेथे मधोमध तो कणा उभा असतो, अर्धा रस्ता त्याच्या या बाजूला आणि अर्धा त्या बाजूला. आणि मागून येणारी गाडी पाहण्यासाठी मान किंचित डावीकडे झुकवावी लागते, जशी ती गाडी प्रथम चालवणाऱ्याला १९६३ साली झुकवावी लागली होती.